एका पंगतीतले उंदीर

सकाळचे दहाच वाजले होते आणि डॉ. सुमेधा बोधनकर दमून गेल्या होत्या. सात वर्षं उंदरांच्या रक्तातली संप्रेरकं मोजल्यावर माणसाचं दुसरं काय होणार! नागपूरच्या त्या प्रयोगशाळेत एका रानवेलीचा अर्क तपासला जात होता. तो पाजलेल्या उंदरांचं तणावसंप्रेरक निम्म्यावर यायचं. आज अकरा वाजता पहिल्यांदाच माणसं त्याची गोळी घेणार होती. एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातल्या बारा थकलेल्या नर्स. त्यांत सुमेधाबाईंची लेक मुक्ताही होती.

आणि नेमका आजच हा घोळ! तुलनेसाठी नुसतं पाणी पाजलेल्या उंदरांचं तणावसंप्रेरकही निम्म्यावर आलं होतं.

"दौलतराव, पाणीवाल्यांना अर्क पाजलात?" त्यांनी उंदीरघर सांभाळणाऱ्या दौलतरावांना विचारलं.

"एक थेंब नाही जी. आईची आन."

"मग त्यांचे पिंजरे या खोलीत कसे?"

दौलतराव ओशाळले. "महिना झाला, अर्कवाले आपल्या या बसायच्या खोलीत आले तेव्हा मीच त्यांनाही आणले. यांना औषध अन् त्यांना नुसतं पाणी, तेही दूर बसवून. असा पंक्तिप्रपंच बरा दिसते का मॅडम? म्हटलं, पाणी तर पाणी, पंगत तरी एक असू द्या."

सुमेधाबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, म्हणजे हा अर्क वासातून पसरतोय. प्यायलेल्याच्या मूत्रातून हवेत, हवेतून शेजाऱ्याच्या नाकात."

"पसरू द्या की. बिचारे शांत झाले."

"किती शांत, तेच बघायचंय. तुमच्या मांजरीचं फडकं आणा."

दौलतरावांनी मागच्या खोलीतून मांजरीच्या अंथरुणाचं फडकं आणून पिंजऱ्यांपुढे टांगलं. एरवी या वासानं उंदरांची गाळण उडते. आज एकानंही दाणे खायचं थांबवलं नाही. एकानं तर फडक्याचं टोक आत ओढलं आणि त्यावरच ताणून दिली.

"गेली. यांची भीतीच गेली," सुमेधाबाई म्हणाल्या. "भीती असते म्हणून जीव धावतो, दौलतराव. वॉर्डात एकीनं गोळी घेतली तरी सगळ्या निवांत होतील. रुग्णाचं यंत्र बोंबलत राहील आणि कोणी उठणार नाही. माझी मुक्तासुद्धा नाही."

"मग थांबवा ना! फोन करा."

"करायलाच हवा."

घड्याळात पावणेअकरा झाले होते.

"चहा टाकू?"

"टाका."

चहा ओतताना दौलतरावांना आठवलं. "मॅडम, दार उघडं राहिलं की मी केवढा बोंबलतो! पण या महिन्यात कोणावर ओरडलोच नाही, पाहा."

सुमेधाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पिंजऱ्यांकडे. महिनाभर दोघंही याच हवेत बसत होते. पोटात गोळा यायला हवा होता. तो आला नाही.

टेबलावरचा फोन वाजू लागला.

"फोन वाजून राहिला, मॅडम."

"हो, मुक्ताचा आहे. गोळी घेऊ ना, म्हणून विचारत असेल." त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं. "उचलते. एवढा चहा होऊ दे."

फोन वाजून वाजून थांबला. दौलतरावांनी त्यांच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.