चौदा नंबरचं टेबल

खोटं वाटलं तर वाटू दे. मी वाद घालणार नाही. पण पंचाक्षरी मामांचा फुटलेला गुडघा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय, आणि तो कसा फुटला हे त्यांनी मला त्याच संध्याकाळी सांगितलं.

गेल्या वर्षीचा मे महिना. दुसरा रविवार. भर दुपारचे दोन. सोलापुरात होटगी रोडला एका नव्या इमारतीचा तिसरा मजला.

भुतं रात्रीच येतात म्हणणाऱ्यांनी आमच्याकडची मे महिन्यातली दुपार पाहिलेली नसते. रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. फोनच्या वायरी ओढण्यात त्यांची तीस वर्षं गेली. त्या मजल्यावर कॉल सेंटर सुरू व्हायचं होतं, दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट घेणारं. चोवीस टेबलं, चोवीस फोन, चोवीस हेडसेट. सगळं काम मामांकडे. आणि त्यातल्या एका टेबलावर त्यांची लेक बसणार होती. शिवलीला. बावीस वर्षांची, पहिलीच नोकरी. मामांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते.

हेडसेट निवडायची वेळ आली तेव्हा मामांनी तीन नमुने घरी आणून सतरंजीवर मांडले. स्थळं बघायला बसावं तशी शिवलीला समोर बसली. दोन तिने तिथल्या तिथे नापास केले.

"अप्पा, ह्योच घ्या. एका कानाचा. माईक दोनी बाजूला वळतोय की."

लहानपणी तिचा डावा कान फुटला होता. त्या कानाने तिला काहीच ऐकू येत नसे.

"आन् बाकीच्या पोरींचं काय?" मामा म्हणाले.

"त्यांनी डाव्या कानाला लावावा. मी उजवीकडं वळवून घेते. कुणालाबी चालतंय बघा."

चोवीसही तसलेच आले. खोक्यातून निघताना सगळ्यांचे माईक डावीकडे असायचे. चौदा नंबरचं टेबल खिडकीजवळचं, ते तिने आधीच धरून ठेवलं होतं.

एप्रिलच्या शेवटच्या सोमवारी मामा घोड्यावर, म्हणजे घडीच्या शिडीवर चढून, छताच्या पोकळीत डोकं घालून त्याच चौदा नंबरची वायर ओढत होते. मोबाईल खाली पिशवीत होता. वर चढताना फोन जवळ ठेवायचा नाही, लक्ष उडतं, ही त्यांची तीस वर्षांची शिस्त.

जेवायला खाली उतरले आणि मोबाईल पाहिला...

तीन मिस्ड कॉल. शिवलीलाचे.

मामांनी उलटा फोन लावला. उचलला पोलिसाने.

विजापूर रोडला ट्रकने तिच्या स्कूटीला उडवलं होतं. रस्त्याच्या कडेला पडल्या पडल्या तिने बापाला तीनदा फोन लावला. चौथ्यांदा लावायला ती उरली नाही.

त्यानंतर गौरम्मा मामी रोज रात्री एकच विचारायच्या. "काय सांगायचं हुतं हो तिला?"

 मामांनाही जगात दुसरं काही नको होतं. तेवढं एक कळायला हवं होतं.

दोन आठवड्यांनी ते राहिलेलं काम संपवायला गेले. त्यांच्या वायरींचा दुसऱ्याला पत्ता लागला नसता. या वेळी मोबाईल शर्टाच्या खिशात होता. शिस्त कधीच मोडली होती.

खाली राखणदार ज्ञानबा. वर मामा एकटे.

एक ते तेरा टेबलं तपासून झाली. हेडसेट डाव्या कानाला लावायचा, आवाज ऐकायचा, पुढे जायचं.

चौदाशी आले...

हेडसेटचा माईक उजवीकडे वळलेला होता.

मामांनी जिन्यातून हाक मारली. "ज्ञानबा, वर कोण आलं हुतं काय?"

"न्हाय की मालक! किल्ली तर तुमच्याकडंच हाय."

मामांनी माईक डावीकडे वळवला. पंधराकडे गेले. मागे वळून पाहिलं...

माईक पुन्हा उजवीकडे.

"शिवू?"



मामा खुर्ची ओढून चौदाशेजारी बसले. अर्धा तास बसले. "बोल की गं," म्हणत लहान पोरासारखे रडले. काही हललं नाही, काही वाजलं नाही.

मग त्यांच्या मनात एक विचार आला. फोनच्या माणसाच्याच मनात येईल असा. या फोनला अजून वायरच नाही. ती बोलणार कशी?

ते घोड्यावर चढले. छतात डोकं घातलं. चौदाची वायर त्या दिवशी सोडली होती तशीच पडलेली. टोकाला निळी चिकटपट्टी. मामांनी हात लांबवला...

खाली फोन वाजला.

खिशातला नव्हे. टेबलावरचा.

सहा वेळा वाजला आणि थांबला. मामांचे पाय घोड्याला चिकटले होते.

पुन्हा वाजला.

"आलो! आलो गं!" त्यांनी अंग मागे घेतलं तर शर्ट छताच्या तारेत अडकलेला. ओढला, निघेना. आवाज बंद.

तिसऱ्यांदा वाजला...

शर्ट टरकन फाटला. मामांनी वरून उडी टाकली. गुडघा फरशीवर आपटला. तसेच सरपटत त्यांनी हेडसेट ओढून उजव्या कानाला लावला, बटण दाबलं.

"शिवू, हाय मी! उचलला बघ!"

काहीच नाही. वायर नसलेला फोन. त्याच्या काळ्या पडद्यावर क्षणभर तीनचा आकडा उमटला. मग तोही गेला.

धप्प आवाज ऐकून ज्ञानबा धावत वर आला. आधी त्याने मामांना उचललं, आणि मग विचारलं, "मालक, तीन डाव वाजला की फोन. जिन्यात आइकू आला. उचलला का न्हाय?"

कॉल सेंटर आता जोरात चालतं. चौदाला वायर जोडलेली आहे. रविवारी सुट्टी असते, तेव्हा मामा तिथे जाऊन बसतात. उजव्या कानाला हेडसेट लावून. फोन कधी वाजत नाही.

मागच्या महिन्यात मीच त्यांना म्हणालो, "मामा, तुम्ही वर असतानाच तो वाजतो ना? मग तुम्ही घोड्यावर चढा. मी खाली बसतो आणि उचलतो."



"नगं रे," मामा म्हणाले. "तू उचललास, आन् तिनं इचारलं, तवा अप्पानं का न्हाय उचलला... मग तू काय सांगशील तिला?"

घोडा अजून चौदाशेजारी भिंतीला टेकवून ठेवलेला आहे. त्याला कोणी हात लावत नाही.