सर्व्हर पडला नि जितेश सापडला

वसईच्या त्या नळ-तोट्यांच्या कारखान्यात सकाळी लाईट गेली, आली, अन् येता येता सर्व्हर जाळून गेली. सर्व्हर म्हणजे सगळ्यांचे पासवर्ड तपासणारी मशीन. तीच मेली, मग कोणाला ओळखणार?

लतिका वैतागलेली. तिच्या टेबलावर एसी गळत होता म्हणून आज दुसरीकडे बसवलं, तर तिथला कॉम्प्युटर तिला आतच घेईना. बाहेर भरलेला ट्रक मालाच्या चलनासाठी उभा. त्यात रविवारी गासला, तिच्या घरी, तिला बघायला पाहुणे यायचे. आई म्हणाली होती, मनात कोणी असेल तर आधी सांग. होता ना... पण तो बोलेल तर!

आणि नेमका तोच आला. कॉम्प्युटर सांभाळणारा, फुलपाड्याचा जितेश.

"घुसू देत नाय मला," ती म्हणाली.

"कशी देईल? सर्व्हर बंद असला की टेबलावरची मशीन फक्त तिच्यावर आधी काम करून गेलेल्यालाच आत घेते."

"आमच्या गासच्या कुत्र्यांसारखं. एकदा वास घेतला की भुंकत नाय."

"तसंच." तो हसला. "चल तुझ्या टेबलावर."

एसी बंद करून तिनं नाव टाकलं. उघडलं! पण प्रिंटर हलेना, तोही सर्व्हरच्या भरवशावर.

"सरक जरा." त्यानं सवयीनं स्वतःचं नाव टाकलं, प्रिंटर थेट जोडला. चलन बाहेर.

लतिकानं कागद घेतला... अन् थांबली.

"जितेश, ही मशीन दिवाळीत दुकानवाल्यानं लावली. तू तर नेहमी म्हनतोस, मी तुझ्या टेबलाकडे फिरकत पन नाय. मग हिनं तुला कसं ओळखलं?"

तो माऊस पुसायला लागला. कान लाल.

"तू सुट्टीवर असलीस की... स्लो चालते म्हणून कुरकुरायचीस ना. जरा साफ करून ठेवायचो."

स्टोअरच्या खिडकीतून प्लासिडकाका म्हणाले, "मशीनची सेवा झाली बाबा. आता पोरीशी बोल, ट्रक खोळंबलाय."

जितेश हळूच म्हणाला, "रविवारचं कळलं मला. पण तुमची एवढी वाडी, आमचं वन रूम किचन... तुझी आई हो म्हणेल?"

"ते आईला विचार ना. का ते पन मीच करू?"

"नको... मी येतो. कधी येऊ?"

"रविवारी. पाहुन्यांच्या आधी."

ती चलन घेऊन ट्रककडे निघाली. दारातून वळली —

"आनि शर्ट इन करून ये. आईला तसलं आवडतं."