खालच्या थरातला उजेड

भडगावजवळ छगन आबांच्या शेतात भरीत पार्टी होती. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजायला एका मुलीला बसवलं होतं आणि तिच्यासमोर चार वांग्यांचा कोळसा झाला होता.

"पोरी, तुनं ध्यान कोठे शे?" आबांनी विचारलं.

"सूर्यावर," ती म्हणाली.

प्रशीलला हसू आवरलं नाही. तो धुळ्याला बँकेत होता, आबांच्या मुलाचा मित्र. एक काडी घेऊन तो तिच्या शेजारी बसला. तिचं नाव शिल्पा. जळगावला पीएच.डी. करत होती.

"काय बिघडलंय तुमच्या सूर्याचं?"

"त्याच्यावर अधूनमधून भडका उडतो. कधीकधी त्यात पांढरा उजेड दिसतो. तो कुठून येतो, ते मी कॉम्प्युटरवर मांडतेय. भडक्यातले कण वरच्या थरातच अडतात... आणि उजेड मात्र खालून येतोसा वाटतो. माझ्या गणितात खालचा थर काही तापतच नाही."

"जमलं तर?"

"बंगळूरला नोकरी."

"आणि नाही जमलं तर?"

"मग इथेच... वांगी जाळत."

पुढच्या रविवारपासून प्रशील धुळ्याहून जळगावला जाऊ लागला. मेहरूण तलावाच्या काठी ती गणित सांगायची, तो ऐकायचा. निम्मं डोक्यावरून जायचं. बोलता बोलता ती कपाळावरची बट मागे सारायची, तेवढं मात्र नीट कळायचं. तिचं जमावं असं त्याला मनापासून वाटे. आणि जमलं की ती जाणार, हे आठवलं की हातातला चहा गार होई.

फेब्रुवारीत एका दुपारी, काउंटरसमोर रांग असताना, तिचा फोन आला.

"जमलं," ती म्हणाली. "तापलेल्या वरच्या थराचा उजेड खालीही जातो, तो मी फार कमी धरला होता. आता खालचा थर तापतोय... पांढरा उजेड देतोय."

"सर काय म्हणाले?"

"त्यांना अजून कुठे सांगितलंय? आधी तुलाच."

इतके दिवस ती त्याला अहो-जाहो करायची. प्रशीलच्या हातातला शिक्का तसाच राहिला.

"म्हणजे... तू चाललीस."

"हो. तिथे तुझ्या बँकेची शाखा नाही का?"

"आहे. पण बदलीला वर्ष तरी लागेल."

"लागू दे. मी घर बघायला जाईन तेव्हा... दोघांपुरतं बघू?"

"बघ," तो म्हणाला. आणि सगळी रांग ऐकतेय हे विसरून पुन्हा, जरा मोठ्याने म्हणाला, "बघच."