पायथ्याशी बसलेली

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सुकन्या सावेडीतल्या डॉक्टर मॅडमकडे रिपोर्ट घ्यायला गेली.

"रक्तातलं लोह फारच कमी झालंय तुमचं," मॅडम म्हणाल्या. "पाय वळवळतात ते त्यामुळंच. कितीतरी बायकांना असतं हे, पण सांगत कुणी नाही. गोळ्या नेमानं घ्या."

सांगणार तरी काय? दिवसभर वर्गात धडधाकट उभे राहणारे पाय रात्री पाठ टेकली की बंड करायचे. दुखायचं नाही, पण पोटऱ्यांच्या आत मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं व्हायचं. नवरा रविराज कंपनीत रात्रपाळीला. केडगावच्या त्या भाड्याच्या घरात ती एकटी पहाटेपर्यंत येरझाऱ्या घालायची. दोन वर्षं हेच चाललं होतं. गेल्या महिन्यात पुणे रोडवर स्कूटर चालवतानाच तिचा डोळा लागला, आणि टेम्पोखाली जाता जाता ती वाचली.

मॅडमना तिनं एक गोष्ट मात्र सांगितली नाही.

टेम्पोचं कळल्यावर सासूबाई, रतनबाई, गावाकडून आठ दिवस राहायला आल्या होत्या. पहिल्याच रात्री कुणीतरी पायथ्याशी बसून सुकन्याच्या पोटऱ्या दाबल्या. हात गार होते, पण जाणते. नेमकी जागा शोधून अंगठा रुतत होता. ती तान्ह्या लेकरासारखी झोपली.

"आत्याबाई, रात्री कशाला त्रास घेतलात?" सकाळी तिनं विचारलं.

भाकरी थापता थापता रतनबाई थांबल्या. "मी न्हाई गं. मी तर रातभर भायेर हॉलमधीच हुते."

रतनबाई गावी गेल्या. हात येतच राहिले. सुकन्याला भीती वाटायची, पण झोप भीतीपेक्षा गोड होती. ती डोळे घट्ट मिटून घ्यायची.

गोळ्यांचा गुण आला. विसाव्या दिवशी रात्री पाय अगदी निवांत पडले होते. तीनच्या सुमाराला पायथ्याची गादी दबली. लसूण घालून कढवलेल्या तेलाचा वास आला. गार बोटं घोट्याला लागली.

"आता नको…" सुकन्या पुटपुटली. "आता बरंय मला."

हात थांबले. मग अगदी जवळून, थकल्या बाईचा आवाज आला.

"बरं झालं, बाई… मग आता माजे दाब."

सुकन्या दचकून उठून बसली, तोच दोन पाय तिच्या मांडीवर येऊन टेकले.

तिनं हात पुढं केला. पोटरी पाण्यातल्या दगडासारखी थंडगार होती, आणि कातडीखाली तीच वळवळ, तिची ओळखीची. इतकं घाबरलेली असूनही ती दाबू लागली.

"किती दिवस झोपला नाहीत?"

"कोन मोजतंय… सासू म्हनायची, कामाचा कंटाळा हाय हिला. एका राती पाय चालत सुटलं… हिरीचा काठ आला तरी थांबलं न्हाईत."

बोटं बधिर झाली तरी सुकन्या दाबत राहिली. खिडकीत फटफटायला लागलं तेव्हा कुठं ते पाय शांत झाले.

"लई बरं वाटलं… उद्या माज्या धाकलीलाबी आनते. तीबी जागीच हाय."

सुकन्यानं रविराजला सगळं सांगितलं. त्याला पटलं नाही, पण तिचा चेहरा बघून त्यानं रजा टाकली. त्या रात्री दोघं दिवा चालू ठेवून, पाय पोटाशी घेऊन पलंगावर बसून राहिले.

तीन वाजले. लख्ख उजेडात खोली रिकामी होती.

पायथ्याची चादर आधी एका जागी खोल दबली.

"सुकन्या…" रविराजनं तिचं मनगट गच्च धरलं.

त्या खळग्याला खेटून हळूच दुसरा खळगा पडला. जेमतेम चार-पाच वर्षांच्या पोरीच्या बैठकीएवढा.