तिसरा पाय

वांडिले, उद्याच्या शिकारीत बंदूक टेकायला काठ्या निवडतोयस ना? दाराजवळच्या गठ्ठ्यातल्या घे. त्या कोपऱ्यातल्या दोन सोड. हात लावू नकोस म्हणतो ना. का, ते सांगतो, पण आधी ती कलेजी निखाऱ्यावरून काढ, करपायला लागलीय.

उद्याचा पाहुणा उंच आहे. वरचं बेचकं त्याच्या गळ्याखालच्या हाडाला लागेल एवढ्या लांब काठ्या घे. तीन घे, दोन नको. दोन पायांवर काठ्या उभ्या राहत नाहीत, बंदूक मागेपुढे डुलते, आणि डुललेल्या गोळीने जनावर मरत नाही, नुसतं चिडतं. ओल्या नकोत, वाकतात. फार सुक्या नकोत, ऐन वेळी कडकन बोलतात. वर सायकलच्या ट्यूबचं रबर आवळून बांध. आपल्या मालकाच्या, डर्कसाहेबाच्या त्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या त्यालाच लखलाभ. खणखण वाजतात, सगळ्या रानाला कळतं कोण आलंय. लाकूड कुठलंही चालेल. फक्त उम्फाफाचं नको.

हसताय कशाला, पोरांनो? शहरात शिकलात म्हणून आठवण करून देतो. बोरीसारखं झाड, एक काटा सरळ, एक वाकडा. घरापासून लांब कुणी मेला की त्याला आणायला तीच फांदी न्यावी लागते. तो पडला तिथे ती टेकवायची, त्याला हाक मारायची. तो फांदीत येतो. मग घरी पोचेपर्यंत फांदीशिवाय कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. टॅक्सीत तिच्यासाठी वेगळी जागा घ्यायची. तुझ्या आज्याला असाच आणलाय, वांडिले, तुझ्या बापाला विचार.

तर ही खुलेकानीची गोष्ट. तू बसलायस ना, तिथे त्याची खाट होती. अर्धी गोष्ट त्याने मला दारू पिऊन सांगितली. उरलेली मी पाहिली.

तेव्हा इथला पहिला वाटाड्या भेकी. मितभाषी माणूस. त्याने काठ्या रोवल्या की हात थरथरणारा म्हातारा पाहुणासुद्धा नेम चुकायचा नाही. पाहुणे त्यांच्या देशातून फोन करून विचारायचे, भेकी आहे ना? खुलेकानी दुसरा. म्हणजे पाण्याचा कॅन उचलणारा. कितीतरी हिवाळे त्याने भेकीच्या पाठीकडे बघत काढले. मग एका जखमी रानरेड्याने भेकीला नदीकाठच्या बोरूच्या दाट गवतात गाठलं. गोणपाटात भरून आणावा लागला, एवढंच सांगतो, तुम्ही जेवताय.

खुलेकानी पहिला झाला. नवे बूट घेतले, चालही बदलली. आणि पाहुणे चुकायला लागले. जो येईल तो चुकायचा. त्याने काठ्या बदलल्या, लाकूड बदललं, उंची बदलली, सगळं केलं. एके दिवशी डर्कसाहेब सगळ्यांसमोर म्हणाला, "खुले, तुझ्या काठ्या आहेत की पाळणा? हा हंगाम संपला की शेजारच्या फार्मवरून माणूस आणतो. तू आपला पाणी उचल." आम्ही हसलो. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. पण पुन्हा पाणी उचलायचं, ह्याची त्याला मरणाहून जास्त भीती होती.

त्याच सुमाराला भेकीची आई आली त्याला न्यायला. मान्तुली. एवढीशी बाई, गुडघे गेलेले. नोंगोमाहून दोन टॅक्स्या बदलून आली होती. बोरूत गेली, फांदी टेकवली, कुळाची नावं घेऊन त्याला हाक मारली. "चल बाळा, घरी चल. आई आलीय." मग फांदी भेकीच्या कामाच्या कोटात गुंडाळली, तान्ह्या पोराला गुंडाळतात तशी, आणि उराशी धरून निघाली. खुलेकानी गाडी घेऊन तिच्यापुढे उभा राहिला. म्हणाला, "बस मा, डांबरी रस्त्यापर्यंत सोडतो." ती बोलली नाही. बोलायचं नसतंच. तिने नुसती मान हलवली. तिला बरं वाटलं असणार, मुलाचा सोबती आहे म्हणून.

त्याच्या सीटमागे दुसरी फांदी होती. त्याच झाडाची, तेवढ्याच लांबीची. सकाळीच तोडून ठेवली होती.

समजलं ना? काठ्यांसाठी लाकूड निवडत होता तो. भेकीच्या हाताखाली बंदूक हलायची नाही. मग भेकीलाच काठ्यांत बांधलं तर?

गेटपाशी मान्तुलीला उतरता येईना. खुलेकानी म्हणाला, "दे मा, मी धरतो. तू दोन्ही हातांनी दाराला धर." तिने त्याच्याकडे बघितलं. नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं. तिने कोट त्याच्या हातात दिला. ती पाठमोरी होऊन, एकेक पाय चाचपत खाली उतरली, आणि वळली तेव्हा खुलेकानीने कोट परत दिला. कोट तोच होता.

टॅक्सी आली. तिने दोन जागांचे पैसे दिले. खिडकीतून तिचा आवाज त्याला ऐकू आला. कोटाशी बोलत होती. "भेकी, आता मोठा रस्ता लागला बरं का. आता नदी येईल." हे सांगताना खुलेकानी हसला होता. माझ्यासमोर बसून, बाटली हातात घेऊन, हसला.

मी त्याला म्हटलं, "उद्याच्या उद्या नेऊन दे ती." तो म्हणाला, "बाबा, उद्या रेड्याची शिकार आहे."

त्याने ती फांदी सोलली, काटे तासले, तिसरा पाय म्हणून दोन साध्या काठ्यांना बांधली. आणि दुसऱ्या दिवसापासून एकही पाहुणा चुकला नाही. एकही नाही. एक बाई होती, तिने आयुष्यात पहिल्यांदा बंदूक उचललेली, तिने कुडू जातीचं हरीण जागच्या जागी पाडलं. म्हणाली, काठ्या किती घट्ट आहेत, कुणी खालून धरल्यासारख्या. डर्कसाहेबाने खुलेकानीच्या पाठीवर थाप मारली. माणसाला हवं ते मिळालं की तो नीट झोपतो. खुलेकानी झोपेना. त्या काठ्या रात्री मिटवून भिंतीला लावायचा, सकाळी उघडलेल्या असायच्या. तीन पायांवर. बेचकं त्याच्या खाटेकडे. मला म्हणायचा, "बाबा, रात्री तुम्ही चेष्टा करता का?" मी कशाला करू?

मग मान्तुली परत आली. मागच्या जुलैत. शनिवार होता, आदल्याच दिवशी अमावास्या झालेली, पहाटे गवतावर पांढरं दव गोठलं होतं. दुपारी ह्याच ओट्यावर येऊन बसली. मक्याच्या पिठाचा फुथू दिला, आमासीचं आंबट दूध दिलं, तिने हात लावला नाही. खुलेकानीला म्हणाली, "बाळा, तो घरी आलाच नाही. बोकड कापला, सगळं केलं. स्वप्नात येत नाही. माझंच काही चुकलं का वाटेत? तू होतास ना बरोबर, आठवून सांग."

इथे त्याला संधी होती, पोरांनो. काठ्या तिथेच होत्या, तिच्या पाठीमागे, भिंतीला टेकलेल्या. एक रबर सोडायचं आणि देऊन टाकायचं. तिचे पाय धरून देऊन टाकायचं.

खुलेकानी म्हणाला, "मा, तू बोललीस."

"मी?"

"गेटवर. माझ्याकडे पाणी मागितलंस. मी तेव्हाच म्हटलं मनात, आता हा उतरला. तुला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलो."

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. तिला आठवेना, पण तिने मानलं. म्हाताऱ्या माणसाला आपल्या डोक्यावर भरवसा कुठे असतो. तिने दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडावर मारून घेतलं. एकदा, दोनदा, मारतच राहिली. "ह्या तोंडाने घालवला मी त्याला. पाण्यासाठी." मी पुढे झालो, तर खुलेकानीने माझा दंड असा आवळला की आठ दिवस वण होता. आणि मला पोट भरायचं होतं ह्याच फार्मवर... असो.

तेवढ्यात काठ्या भिंतीवरून सरकल्या. वारा नव्हता. तिच्या पायाशी येऊन पडल्या. तिने उचलल्या. त्या तिसऱ्या काठीवर तिचा हात राहिला. डोळे पुसत म्हणाली, "छान आहे रे ही. हातातून सोडवत नाही."

आणि त्याला परत दिल्या.

तिला मीच सोडलं गेटवर. त्याच रात्री रानडुकराची शिकार होती. मक्याचं आमिष टाकलेलं, नदीच्या अलीकडे. पाहुणा ऑस्ट्रियाचा दातांचा डॉक्टर. त्याच्याबरोबर डर्कसाहेब आणि खुलेकानी. मी मागे गाडीत. तेवढं अंतर काही नाही, रात्रीचं सगळं ऐकू येतं. चंद्र नव्हता. लाल बत्तीत जेवढं दिसेल तेवढंच.

खुलेकानीने काठ्या रोवल्या. डुक्कर आलं. पाहुण्याने एकच गोळी घातली. डुक्कर जागीच पडलं. डर्कसाहेब म्हणाला, "जा खुले, बघ मेलंय का." पाहुण्याने दुसरं काडतूस चढवलं होतं, न मेलेलं जनावर उठलं तर म्हणून. तसं सगळेच चढवतात.

खुलेकानी बत्ती घेऊन पुढे गेला. डुकराला पाय लावून बघितला. हात वर केला, मेलंय म्हणून.

पाहुणा बंदूक काठ्यांवरून उचलायला गेला.

उचलेना.

तो काहीतरी म्हणाला, त्याच्या भाषेत. डर्कसाहेबाने नळी धरली. दोघांनी ओढली. बेचकं सोडेना... खुलेकानी परत यायला निघाला, वाट सोडून जरा डावीकडून. नळी डावीकडे वळली. सावकाश. दोन माणसं तिला लोंबकळलेली आणि ती वळली. साहेबाने काठ्यांना लाथ मारली. जमिनीत मुळं असल्यासारख्या... हलल्या नाहीत.

"खुले, खाली पड," साहेब ओरडला.

तो पडला नाही. त्याने बत्ती काठ्यांवर धरली. काय दिसलं त्याला, ते तोच जाणे. उजवीकडे एक पाऊल टाकलं. नळी उजवीकडे. डावीकडे... डावीकडे.

मग तो गुडघ्यावर बसला. नळी खाली झुकली.

मला त्याचा आवाज स्पष्ट आला. बारीक झाला होता, लहान पोरासारखा. "भेकी. उद्या नेतो तुला. आईकडे नेतो. तिला खरं सांगतो सगळं. भेकी..."

नळी तशीच त्याच्यावर.

"पाणी मी उचलीन," तो म्हणाला. "जन्मभर उचलीन."

...

पाहुण्याचं बोट घोड्यावर नव्हतं. त्याने पोलिसांना शपथेवर सांगितलं. साहेबानेही सांगितलं. कागदावर अपघात लिहिलं आहे.

मी धावत गेलो तेव्हा बंदूक गवतात पडली होती. काठ्या उभ्याच होत्या. पण दोन. दोनच. रबर तसंच आवळलेलं, गाठ न सुटलेली, आणि तिसरा पाय नाही. आम्ही उजाडेपर्यंत शोधला. सकाळी मान्तुलीच्या शेजारणीचा फोन आला. म्हातारी रात्री शांत झोपली, म्हणाली. झोपेत कुणाशी तरी बोलत होती, हसत होती. कुणी शोधू नका, तो आलाय, एवढा निरोप दिलाय.

खुलेकानीची बायको पुढच्याच आठवड्यात आली. उम्फाफा घेऊन. तो पडला तिथे टेकवली, हाक मारली. एक शब्द न बोलता गेली बिचारी, पाण्याचा घोटही घेतला नाही. महिन्याने परत आली. पुन्हा आली. आता तिसऱ्यांदा येणार आहे. नवरा घरी येत नाही म्हणते. माझं काय चुकलं बाबा, असं मला विचारते. मी काय सांगू तिला?

त्या दोन काठ्या साहेबाने जाळायला दिल्या. मी जाळल्या नाहीत. भीती वाटली, आत कुणी असलं तर? तिथे कोपऱ्यात ठेवल्या, मिटवून, आडव्या.

बत्ती घे, वांडिले. लांबूनच बघ. उभ्या आहेत ना? दोन पायांवर काठ्या उभ्या राहत नाहीत, हे मघाशी मीच सांगितलं तुला.

आता खाली जमिनीवर धर उजेड. ती धूळ मी रोज संध्याकाळी झाडून सपाट करतो. आजही केलीय, तुमच्यासमोर.

मोज, किती खळगे आहेत.

...

तिसरा जरा खोल आहे. त्याच्यावर भार जास्त येतो.