दुपारचा डाव
मृत्यूपुढे आजवर कोणाचं काही चाललेलं नाही. सम्राट गेले, साम्राज्यं गेली, गेलेलं कोणीही परत आलं नाही.

घड्याळजींची बायको तेवढी जेवणानंतर पत्ते खेळायला यायची.

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, घडलं ते असं. घड्याळदुरुस्तीच्या दुकानामागे एक खोली. कोपऱ्यात जुनाट कॉम्प्युटर. त्यावर बायको रोज दुपारी पत्ते खेळायची. ती गेल्यानंतरही, दुपारी घड्याळजी आडवे झाले की तो आपोआप सुरू व्हायचा आणि...

फर्रर्र...

पत्ते पिसल्याचा आवाज.

पहिल्या दिवशी घड्याळजींची बोबडी वळली. पुढे पुढे त्या आवाजाशिवाय त्यांचा डोळा लागेना.

सुनेला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"बाबा, याची सिस्टीम कधीच बाद झालीय. अशाने कोणीही आत घुसेल."

"घुसू दे की. तेवढीच सोबत."

"तुमचं आपलं काहीतरीच," म्हणत तिने रविवारी सगळं पुसून नवी सिस्टीम घातली.

सोमवारी जेवण झालं. घड्याळजी आडवे झाले. स्क्रीन उजळली...

आवाज नाही.

ते उठून बसले. जुना खेळ गेला होता. नवा खेळायचा तर आधी खातं उघडायला हवं होतं. माऊसवर कोणाचा हात नव्हता, पण स्क्रीनवरचा बाण सरकत होता. नावाच्या जागी एकेक अक्षर उमटलं...

तिचंच नाव.

मग एक रिकामा चौकोन आला. शेजारी लिहिलं होतं : मी माणूस आहे.

बाण चौकोनापाशी गेला...

थांबला.

"अगं, कर की खूण," घड्याळजी कुजबुजले. "कोण बघायला येतंय?"

बाण जागचा हलेना. जन्मात खोटं बोलली नव्हती ती. गिऱ्हाइकाला 'घड्याळ उद्या नक्की' असं सांगायची वेळ आली, की उठून आत जायची.

शेवटी घड्याळजींनीच खूण केली. खातं उघडलं. डाव मांडला गेला.

पत्ते तसेच पालथे पडून राहिले. बाण पुन्हा हलला नाही.

"सूनबाई, जुनं परत आणता येईल का गं?"

"नाही हो बाबा. आता कुठलं?"

त्यानंतर स्क्रीन आपोआप कधी उजळली नाही. तिला आत येता येत नाही, तर दुपारची ती असते कुठे, हे घड्याळजींना अजून उमगलेलं नाही.

म्हणून एक विनंती. दुपारी घड्याळ टाकायला गेलात, तर दार वाजवू नका. ते फार धावत येतात.

चारनंतर जा.