एकतीस नंबरचा आवाज

शिवणकाम करणारी बाई धापा टाकत जिना चढून आली, तेव्हा गळ्यातली मोजपट्टी काढायचंही तिला सुचलं नव्हतं.

"पाच वाजता माझ्या मुलीचं वर्ष बुडणार," ती म्हणाली.

खासगी तपासाचं ते ऑफिस वहिनींचं. त्यांचे धाकटे दीर, भावजी, मदतीला असत; मदत म्हणजे नको ते प्रश्न विचारणं. भावजींनी घड्याळ पाहिलं. अडीच.

"कॉलेजातले सर म्हणतात, ती वर्गात येतच नाही. तिचा नंबर एकतीस. शेजारची बत्तीस नंबरची मैत्रीण आवाज बदलून तिची हजेरी देते म्हणे. ती वर्गात होती हे पाचपर्यंत सिद्ध झालं नाही, तर परीक्षेचा फॉर्म घेणार नाहीत."

"मुलगी काय म्हणते?"

"परक्यासमोर तोंडातून ब्र काढत नाही. माझं मशीन खडखडत असलं, की मात्र तासभर बडबडते." बाईने वही पुढे केली. "अभ्यास करते म्हणावं, तर समासात रोज तारीख घालून बटाटे काढलेत."

भावजींनी पानं चाळली. "वहिनी, नऊ तारखेच्या बटाट्यावर ही फुली कसली?"

"पडला असेल कुठेतरी," वहिनी म्हणाल्या. पण वही त्यांनी पिशवीत टाकली.

कॉलेजात सर उत्तरपत्रिका तपासत होते. मान खाली ती खालीच.

"मुलांचे चेहरे ओळखता?" वहिनींनी विचारलं.

"ऐंशी चेहरे कोण लक्षात ठेवणार? नंबर पुकारतो, आवाज ऐकतो, खूण करतो."

"मग चोरी पकडलीत कशी?"

"आठपासून सोळा तारखेपर्यंत बत्तीस नंबर तापाने घरी. नेमकी तेव्हाच एकतीसही गप्प. रोज तीन-तीनदा पुकारलं. आणि पोरींची साक्ष मला सांगू नका, सगळ्या एकमेकींना सामील. वहीसुद्धा उतरवून घेता येते."

भावजींना हे पटलं. बाहेर येताच ते म्हणाले, "मुलगी खोटी आहे, वहिनी. घरी जाऊ."

"तुम्ही जा. मी शिपायाकडे जाते."

भावजी अर्थातच मागे गेले. साडेतीन वाजले होते. त्यांना एका जागी उभं राहवत नव्हतं.

"सर कडक," शिपाई म्हणाला. "पहिल्याच दिवशी एकीला 'हजर' म्हणायला वेळ लागला, तर म्हणाले, घशात काय अडकलंय? अख्खा वर्ग हसला. नऊ तारखेला तासाच्या आधी नकाशाची दांडी सरांच्याच डोक्यात पडली. मीच चिकटपट्टीची फुली लावली. तास संपल्यावर सरांनी आरशात बघितली आणि उपटून फेकली."

दोघी मुली व्हरांड्यात उभ्या होत्या.

"रोज येतेस?" वहिनींनी शिवणवालीच्या मुलीला विचारलं. तिचे ओठ हलले.

"येते ना," मैत्रीण म्हणाली.

"बसतेस कुठे?"

"पहिल्या बाकावर, माझ्याशेजारी."

"मी तिला विचारलं."

मैत्रीण गोरीमोरी झाली. भावजी कुजबुजले, "बघा, इथेही हीच तिची हजेरी देतेय."

"भावजी, आज पहिल्यांदा बरोबर बोललात."

पावणेपाचला सगळे प्राचार्यबाईंच्या खोलीत जमले. मुलीची आई मोजपट्टीला पीळ घालत होती.

"सर, या दोघींतली एकतीस कोण?"

सरांनी हजेरीपट उघडला.

"त्यात चेहरे नाहीत," वहिनी म्हणाल्या. "आवाज बत्तीसचा होता, कबूल. पण एकतीस शेजारीच बसलेली होती. हिची जीभ अडखळते. पहिल्या दिवशी तुम्ही जिचं हसं केलंत, ती हीच. मग मैत्रीण हिच्याऐवजी बोलू लागली. ती तापाने पडली तेव्हा ही हात वर करून बसायची, हे हिने मला लिहून दाखवलं."

"हात? मी पाहिला नाही."

"तेच म्हणतेय मी."

"पुरावा?" प्राचार्यबाई म्हणाल्या.

वहिनींनी वही उघडून टेबलावर ठेवली. "हे बटाटे नाहीत. पहिल्या बाकावरून दिसणारं, हजेरीपटात वाकलेलं डोकं आहे. नऊ तारखेच्या डोक्यावर पट्टीची फुली आहे. ती तेवढ्या एका तासापुरती होती. त्या दिवशी बत्तीस घरी होती आणि सरांनी एकतीसला गैरहजर लिहिलंय. मग हे चित्र काढलं कोणी?"

सरांचा हात आपोआप टकलावर गेला.

भावजी वाकून पाहत राहिले. "वहिनी, एकाही चित्राला डोळे नाहीत."

"दिसले तर काढेल ना."

प्राचार्यबाईंनी फॉर्म पुढे ओढला आणि पेन सरांसमोर ठेवलं. सरांनी घसा साफ केला.

"एकतीस."

मैत्रिणीने ओठ घट्ट मिटून धरले. मुलीने हात वर केला.

सरांनी मान वर करून पाहिलं. मग सही केली.

पाचला चार मिनिटं कमी होती. आई फॉर्म जमा करायच्या खिडकीकडे धावली. मुलीने वही जवळ घेतली, नव्या पानाच्या समासात एक डोकं काढलं आणि त्याच्याखाली, जरा विचार करून, दोन डोळे.